दाढी महाराजांची, छाती शिवा काशीदांची

फेब्रुवारी उजाडला की कोल्हापुरातल्या सलूनवाल्यांकडे एकच मागणी असते. शिवजयंतीला आठ दिवस उरलेले असतात. पोरं खुर्चीत बसतात, मोबाईलवर महाराजांचं चित्र काढून दाखवतात आणि अगदी तश्शी दाढी कोरून मागतात. गालावरून उतरत आलेली, हनुवटीला टोक, मिशा वळवून दाढीला मिळवलेल्या, कपाळावर चंद्रकोर. ट्रिमर घूंघूं करत फिरतो, दहा मिनिटांत काम फत्ते, आणि गाडीला स्टार्टर मारून गडी तालमीच्या मीटिंगला हजर. यात वाईट काहीच नाही. मीही ठेवलीय ती दाढी.

गेल्या वर्षी मात्र माझा नेहमीचा सलूनवाला गावाला गेला होता. म्हणून मंगळवार पेठेतल्या एका जुन्या दुकानात शिरलो. दोन जड खुर्च्या, डोकं टेकवायला मागे खालीवर होणारी उशी, पुढे-मागे समोरासमोर लावलेले आरसे, आणि कोपऱ्यात बारीक आवाजात चालू असलेला रेडिओ. मालक सत्तरी ओलांडलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. ट्रिमर होता त्यांच्याकडे, पण कपाटात, कव्हरमध्ये. मी फोटो दाखवला. त्यांनी तो बघितला न बघितल्यासारखा केला आणि गरम पाण्यात टॉवेल बुडवायला घेतला.

त्यानंतर जे झालं ते आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी कधी अनुभवलेलंच नाही. आधी तो पिळलेला गरम टॉवेल तोंडावर. मग वाटीतल्या साबणावर ब्रश गरगर फिरवून काढलेला दाट फेस. तो फेस त्यांनी गालावर घासला नाही, मुरवला. चांगली दोन-तीन मिनिटं. मी घड्याळाकडे बघितल्यावर त्यांनी कारण सांगितलं. दाढीचा केस कोरडा असताना तारेसारखा असतो. पाणी प्यायला की फुगतो, मऊ पडतो, आणि मग वस्तऱ्याला जोर लावावा लागत नाही. जोर लावला की कातडी सोलते. म्हणजे दाढी वस्तरा करतो हा आपला गैरसमज. निम्मी दाढी पाणी करतं.

मग वस्तरा. आता त्यात अर्धं ब्लेड मोडून बसवतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. एड्सची भीती पसरली तेव्हापासून लोक ते बघूनच घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण मामांच्या खणात वडिलांचा जुना, अखंड पात्याचा वस्तराही आहे. तो ते वापरत नाहीत. अधूनमधून नुसता काढतात, खुर्चीच्या हाताला अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठ टेकवून आधी वर, मग पालटून खाली असा दहा-बारा वेळा ओढतात आणि परत ठेवून देतात. सटक-पटक, सटक-पटक. त्या आवाजावर लहानपणी आपल्याला झोप लागायची, असं ते सांगत होते.

डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणलेली, उजव्या हातात वस्तरा गालाला जवळजवळ आडवा धरलेला. आधी केसांच्या कलानं, मग हलकेच उलट. शेवटी त्यांनी माझं डोकं मागे टेकवलं आणि पातं गळ्यावर आलं. तेव्हा लक्षात आलं, मी श्वास रोखून धरलाय. ज्यांचं नावही मला माहीत नाही अशा माणसाच्या हातात माझा गळा आहे आणि मी डोळे मिटून पडलोय.

डोळे उघडले तेव्हा समोर आरशाच्या वर एक तसबीर दिसली. मला वाटलं महाराज. मामांनी मान हलवली. ते शिवा काशीद. मी पटकन म्हणून गेलो की हां, तो महाराजांसारखा दिसायचा तो न्हावी. मामांचा हात थांबला. रागावले नाहीत. तुरटीचा खडा ओला करून माझ्या गालावरून फिरवत एवढंच म्हणाले की तो नाही, ते.

या लेखात मी ते शब्द पाळणार आहे.

नेबापूरची धोकटी

कोल्हापुरातून पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर. वाघबीळ ओलांडलं की गार वारा लागतो आणि आपण गाडीचा वेग वाढवतो. गडाच्या पायथ्याशी नेबापूर नावाचं गाव आहे. शिवा काशीद या गावचे. त्यांच्या बालपणाच्या गोष्टी कुणी लिहून ठेवल्या नाहीत, जन्माची तिथी कुठे कोरलेली नाही. सतराव्या शतकात गावच्या न्हाव्याच्या घरात पोरगा जन्मला याची नोंद कोण कशाला ठेवेल? पण त्या घरात काय काम चालायचं ते आपल्याला चांगलं माहीत आहे, कारण ते अगदी आपल्या पणजोबांच्या काळापर्यंत तसंच चालत होतं.

गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. लोहार, सुतार, कुंभार, परीट यांच्यासारखाच. दाढी केली की लगेच पैसे, असा व्यवहार नव्हता. वर्षभर घरोघरची श्मश्रू करायची आणि सुगी झाली की खळ्यावर जाऊन धान्यातला आपला ठरलेला वाटा, म्हणजे बलुतं, आणायचं. दुकान नव्हतं. दुकान काखेत असायचं. त्याला म्हणायचे धोकटी. त्या चामड्याच्या पिशवीत वस्तरा, कातर, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, छोटा आरसा, धार लावायचा दगड आणि पट्टा. फेसाचा साबण आणि ब्रश या फार पुढच्या गोष्टी. तेव्हा वाटीभर पाणी आणि बोटं. झाडाखाली किंवा ओसरीवर दोघंही समोरासमोर उकिडवे बसायचे. न्हावी पाणी चोळून चोळून दाढी भिजवायचा, मग वस्तरा लावायचा.

हा माणूस गावातल्या प्रत्येकाच्या आयुष्यात मोक्याच्या क्षणी हजर असायचा. बाळाचं जावळ काढायला तो, नवरदेवाची दाढी करायला तो, आणि घरात कुणी गेलं की मुलाचं डोकं भादरायलाही तोच. आनंदात आणि दुःखात माणसाचा चेहरा इतक्या जवळून दुसरं कुणी बघत नाही. कुणाच्या गालावर कुठे व्रण आहे, कुणाची दाढी कुठे पिकायला लागली, कुणाचा डोळा आज रडून सुजलाय, हे त्याला बायकोच्याही आधी कळायचं. आणि बोलायचं किती, गिळायचं किती, हेही त्याला कळावं लागायचं.

परंपरा शिवा काशीदांना महाराजांच्या सेवेतले न्हावी मानते. याचा अर्थ नीट डोक्यात घ्या. तो काळ दग्याफटक्याचा. अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांना अंगरख्याखाली चिलखत घालावं लागलं होतं. अशा काळात राजाच्या उघड्या गळ्याजवळ धारदार पोलाद घेऊन जायची मुभा असलेला माणूस म्हणजे किती विश्वासाचा! तिथे ना चिलखत कामाचं, ना ढाल. फक्त समोरच्या माणसाचं इमान.

वेढा

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. पुढच्या अठरा दिवसांत महाराजांनी आपल्या भागापर्यंत धडक मारली आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा घेतला. विजापूरच्या दरबाराला हा सरळसरळ गालावरचा तडाखा होता. डिसेंबरच्या शेवटी आदिलशाहीचा सरदार रुस्तमेजमान आणि अफझलखानाचा मुलगा फाजलखान फौज घेऊन आले. कोल्हापूरजवळच्या लढाईत त्यांनाही पळावं लागलं.

मग अली आदिलशहानं मोठा मोहरा काढला. सिद्दी जौहर. शिस्तीचा, चिवट, घाई न करणारा सेनानी. आदिलशहानं त्याला सलाबतखान असा किताब दिला आणि प्रचंड फौज देऊन पाठवलं. मार्च १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर होते आणि जौहरनं गडाला वेढा घातला.

वेढा म्हणजे सिनेमातली तलवारबाजी नव्हे. वेढा म्हणजे वाट बघणं. खाली हजारो माणसं तळ ठोकून बसतात, वरचा दाणागोटा दिवसेंदिवस कमी होत जातो. महाराजांना वाटलं असेल की पावसाळा लागला की वेढा ढिला पडेल. पन्हाळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैमध्ये तिथे छत्री उघडी ठेवता येत नाही. पण जौहरनं पावसातही माणसं हलू दिली नाहीत. बाहेरून नेताजी पालकरांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. राजापूरचे इंग्रज स्वतःच्या तोफा आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आले, आणि आपला झेंडा फडकवत गडावर मारा करू लागले. तिकडे पुण्यात मोगलांचा शाहिस्तेखान येऊन बसला होता आणि चाकणच्या किल्ल्याला त्यानं वेढा घातला होता. म्हणजे एका बाजूनं विजापूर, दुसऱ्या बाजूनं दिल्ली, आणि मध्ये पन्हाळ्यावर अडकलेला तिशीतला राजा.

राजा गेला तर स्वराज्य गेलं, इतका साधा हिशेब होता. बाहेर पडायला हवं होतं. आणि बाहेर पडायचं तर शत्रूनं काही तास तरी चुकीच्या दिशेला बघायला हवं होतं.

दोन पालख्या

बेत असा ठरला. जौहरकडे निरोप पाठवायचा की महाराज शरण यायला तयार आहेत. चार महिने चिखलात बसलेल्या सैन्याला ही बातमी म्हणजे सुट्टीच. पहारे सैल पडणार. त्याच रात्री महाराज निवडक माणसांनिशी आडवाटेनं उतरून विशाळगडाकडे निघणार. आणि त्याच वेळी दुसरी एक पालखी सरळ, सोप्या वाटेनं जाणार. त्या पालखीत महाराजांसारखाच दिसणारा माणूस बसलेला असणार.

शिवा काशीदांचा बांधा आणि चेहरेपट्टी महाराजांशी मिळतीजुळती होती. आपण आज याला लूक म्हणतो आणि त्यासाठी पैसे मोजतो. त्यांना तो जन्मानं मिळाला होता, आणि आता त्याची किंमत मोजायची वेळ आली होती.

या कामाला होकार देणं म्हणजे काय, ते जरा थांबून बघू. लढाईला जाणाऱ्या सैनिकाला परत यायची आशा असते. दहातले चार पडतील, पण मी वाचेन, असं प्रत्येकाला वाटतं. इथे तसं नव्हतं. पहिल्या पालखीचं काम निसटून जाणं हे होतं, दुसरीचं काम सापडणं. दुसरी पालखी सापडली नाही तर डाव पुरा होत नव्हता. आणि सापडल्यावर जितका वेळ शत्रू फसलेला राहील, तितकं अंतर पहिली पालखी कापणार होती. शिवा काशीदांना जिंकायचं नव्हतं, पळायचं नव्हतं, लढायचंही नव्हतं. फक्त वेळ विकत घ्यायचा होता. खिशात नाणं एकच, स्वतःचा जीव.

मामांच्या खुर्चीत बसल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या संध्याकाळी गडावर कपडे बदलले गेले असतील, डोक्यावर महाराजांसारखा टोप चढला असेल. आणि दाढी? दाढीची ठेवण तंतोतंत जमायला हवी होती, कारण मशालीच्या उजेडात माणूस आधी दाढीमिशीवरूनच ओळखू येतो. ती कुणी कोरली असेल? महाराजांच्या दाढीचं टोक कुठे संपतं, मिशी कुठे वळते, हे ज्याला बोटांनी पाठ आहे अशा माणसाला दुसऱ्याची गरज काय पडली असेल? आयुष्यभर आरसा दुसऱ्यांसमोर धरला, तो त्या दिवशी त्यांनी स्वतःकडे वळवला असेल, पाणी लावलं असेल आणि सावकाश वस्तरा घेतला असेल. ही माझी कल्पना आहे, इतिहास म्हणून सांगत नाही. पण ती आल्यापासून ट्रिमरच्या दहा मिनिटांत मला काहीतरी कमी वाटायला लागलंय.

आषाढ पौर्णिमा

१२ जुलै १६६०ची रात्र. आषाढ पौर्णिमा, म्हणजे गुरुपौर्णिमा. चांदणं असायची रात्र, पण आभाळ भरलेलं आणि पाऊस कोसळत असलेला. राजदिंडीच्या वाटेनं महाराज गड उतरले. सोबत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळे, मिळून सहाशेच्या आसपास माणसं. वेढ्यातल्या फटीतून ते म्हसाईच्या पठाराकडे सरकले. चिखल, ओढे, करवंदीच्या जाळ्या, आणि पाय घसरला तरी आवाज करायचा नाही.

शत्रूच्या हेरांना सुगावा लागलाच. राजा पळाला अशी आरोळी उठली आणि जौहरचा जावई सिद्दी मसूद घोडेस्वार घेऊन पाठलागाला सुटला. त्याला वाटेत पालखी सापडली. आत महाराजांच्या वेषातला, महाराजांच्या चेहऱ्याचा माणूस. मसूदनं पालखीला गराडा घातला आणि मोठ्या दिमाखात ती जौहरच्या छावणीकडे वळवली. चार महिन्यांचं काम फत्ते झालं असंच त्याला वाटलं असणार.

पालखी छावणीकडे चालली होती तेवढा वेळ खरे महाराज विशाळगडाच्या दिशेनं धावत होते. छावणीत जौहर विचारपूस करत होता तेवढा वेळ ते आणखी पुढे सरकत होते. शिवा काशीद जितके शांत राहतील, जितका वेळ राजासारखे बसतील, बोलतील, बघतील, तितकी शेतं, ओढे आणि टेकड्या मागे पडत होत्या. भाला नाही, ढाल नाही. त्या रात्री त्यांनी लढाई चेहऱ्यानं लढवली.

छावणीत महाराजांना पाहिलेले लोक होते. शेवटी सोंग उघडं पडलं. परंपरेनं जपलेली हकिकत अशी सांगते की जौहरनं त्यांना मरणाची भीती वाटत नाही का, असं विचारलं, आणि त्यांनी शिवाजीराजांसाठी हजार वेळा मरायची तयारी दाखवली. शिवाजी म्हणून मरायला मिळणं यातच आपल्या जन्माचं सोनं झालं, असं त्यांना वाटत होतं म्हणे. संतापलेल्या शत्रूनं त्यांना तिथेच ठार केलं. वार अंगावर आला तो पाठीवर नाही, छातीवर, असं गावोगावचे पोवाडेवाले आजही आवाज चढवून सांगतात.

सलूनच्या खुर्चीत गळा विश्वासानं मागे टेकवतात. त्या रात्री तसा विश्वास एका न्हाव्यानं आपल्या राजावर टाकला, आणि गळा स्वतःचा पुढे केला.

पुढचा हिशेब

तोवर दिवस उजाडला होता. मसूद पुन्हा पाठलागावर निघाला, पण मधले तास हातातून गेले होते. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी निम्मी माणसं घेऊन वाट अडवली आणि महाराजांना पुढे पाठवलं. विशाळगडाच्या पायथ्यालाही सुर्वे आणि दळवी यांचे मोर्चे होते. ते तोडून महाराज गडावर पोचले आणि १३ जुलैला तोफांचा आवाज झाला. तोपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड सोडली नव्हती. ती खिंड पुढे पावनखिंड झाली.

दोन बलिदानं एकाच साखळीतली आहेत. पालखीतले तास मिळाले नसते तर खिंड गाठायलाच मिळाली नसती. तरीही आपल्या तोंडी खिंड जास्त असते आणि पालखी कमी.

पन्हाळा मात्र तेव्हा हातात राहिला नाही. सप्टेंबर १६६० मध्ये तो आदिलशहाला द्यावा लागला. राजा निसटला कसा, म्हणून आदिलशहाला खुद्द जौहरचाच संशय आला आणि त्यांचं बिनसलं. झेंडा लावून तोफा डागणाऱ्या इंग्रजांचा हिशेब महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरावर छापा घालून चुकता केला आणि त्यांच्या माणसांना कैदेत टाकलं. आणि मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी रात्री कडा चढून पन्हाळा परत घेतला. पुढच्याच वर्षी, १६७४ मध्ये, रायगडावर राज्याभिषेक झाला. जो राजा १६६० मध्ये संपू शकला असता, त्याला छत्रपती व्हायला चौदा वर्षं मिळाली. ती मिळवून देणाऱ्यांच्या यादीत नेबापूरच्या एका घराचं नाव आहे.

आणखी एक योगायोग बघा. प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारे जिवा महाला यांनाही नाभिक समाज आपलाच पूर्वज मानतो. होता जिवा म्हणून वाचला शिवा, ही म्हण आपल्याला शाळेपासून पाठ आहे. आठ महिन्यांनी मात्र शिवा वाचला तो दुसऱ्या शिवामुळे. त्यावर म्हण तयार झाली नाही.

वस्तरा ते ट्रिमर

वस्तरा हातात असलेल्या माणसाला आपल्या समाजानं बरीच शतकं जवळ बसवून घेतलं आणि तरी दूरच ठेवलं. गळा द्यायचा, पण मान द्यायचा नाही. या माणसांनी मात्र वेळ आली तेव्हा आपलं पाणी दाखवलं. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी संप केला. कशासाठी? मजुरी वाढवून मागायला नव्हे. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, यासाठी. लहान वयात नवरा गेलेल्या मुलींच्या डोक्यावर वस्तरा फिरवायला त्यांनी नकार दिला. उत्पन्न बुडणार हे माहीत असून.

पुढे वस्तराच बदलला. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याला डोक्यात आलं की धार लावत बसण्यापेक्षा पातळ पातं वापरून फेकून का देऊ नये? १९०३ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं आपल्या सैनिकांना हे रेझर वाटले, आणि माणूस स्वतःची दाढी स्वतः करायला लागला. १९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, नंतर तीन, चार, पाच. मग ट्रिमर.

मधल्या टप्प्यातला माणूस म्हणजे माझे आजोबा. सकाळी आकाशवाणी सांगली लागायची. आजोबा खिडकीत आरसा टेकवून बसायचे. स्टीलची वाटी, केस झडलेला ब्रश, तुरटीचा खडा, आणि दांडा फिरवला की वरचे दोन पंख उघडणारा रेझर. ब्लेड कागदाच्या घडीतून काढायचे तेव्हा आम्हाला लांब उभं राहावं लागायचं. दाढी झाली की तेच ब्लेड फेकलं जायचं नाही. आजी त्यानं शिवण उसवायची, आम्ही पेन्सिलीला टोक काढायचो. पंधरा मिनिटं त्या माणसाला कुणी हाक मारायची नाही. आता कळतं, दिवसभरात त्यांनी स्वतःचा चेहरा नीट बघायची ती एकच वेळ होती. तो रेझर अजून माळ्यावर आहे. परवा काढला, घासला, नवं ब्लेड बसवलं. पहिल्या दिवशी हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. चौथ्या दिवशी नाही. हाताला जोर कमी करायला शिकवावं लागतं, एवढंच.

पुढच्या जुलैत

दर पावसाळ्यात कोल्हापुरातून पोरंपोरी पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला जातात. तुमच्यातले कितीतरी गेले असतील. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला वंदन होतं, गर्दी घोषणा देत निघते, म्हसाई पठारावर फोटो पडतात. या वेळी निघायच्या आधी थोडं थांबा. पन्हाळ्यावर शिवा काशीदांचा पुतळा आणि समाधी आहे. तिथे जाऊन दोन मिनिटं उभे राहा. पायथ्याचं नेबापूर कुठे आहे ते विचारून घ्या. आणि घोषणा देताना एक नाव जास्त घ्या.

त्या दिवशी मामांनी माझी दाढी कोरून दिली, अगदी चित्रातल्यासारखी. पैसे किती विचारले तर ट्रिमरवाल्यापेक्षा कमीच सांगितले. आरशात बघितलं. वर तसबिरीतही तीच दाढी, खाली माझ्या चेहऱ्यावरही तीच. मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. मागून मामांनी टॉवेल झटकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.